शनिवारचं मीठ-पाणी

अण्णा, आज शनिवार. अंगणातल्या तुमच्या सळईला मीठ-पाणी घातलं. आता त्याचा काही उपयोग नाही, तरी सकाळी उठलो तसा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. तुम्हाला पाहिलेलं माणूस या गल्लीत माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि मीही आता तुम्ही गेलात त्या वयापेक्षा म्हातारा झालोय. तरी तुम्हालाच लिहितोय, कारण ही गोष्ट ज्याला सांगायची आहे त्याला सांगण्याआधी कुठेतरी एकदा बोलून बघायची आहे. वरच्या खोल्यांतला भाडेकरू उद्या घर सोडून चाललाय. त्याची बायको गेली, आपल्या कूलरचा शॉक लागून. तो बाड्यावरच्या बाजारात कापडाच्या दुकानात असतो, शांत मुलगा आहे. त्याने मला दोनदा विचारलं, “बाबूजी, उस कूलरवाले को ऊपर किसने भेजा था?” दोन्ही वेळा मी पाणी प्यायचं निमित्त करून आत निघून गेलो.

होळी झाली की दुसऱ्या रविवारी तुम्ही धोतर वर खोचून अंगणात उतरायचात, ते मला अजून दिसतं. दोन्ही लोखंडी कूलर, आपला आणि भाडेकरूंचा, उन्हात उघडे करून ठेवलेले. आधी टाकी खरवडायची, मग तळाला डांबर लावायचं, पंख्याला तेल द्यायचं. जुनी खस काढून नवी भरायची, आणि तिच्यावर पहिलं पाणी पडलं की सगळ्या घराला वाळ्याचा वास. मी पायरीवर कवितेचं पुस्तक घेऊन बसलेला असायचो. त्या वासात कुठलीही कविता चांगली वाटायची. सगळ्यात शेवटी तुम्ही ती हिरवी तार ओढून बघायचात, अर्थिंगची. ती कूलरच्या अंगापासून निघून भिंतीवरून खाली यायची आणि नळाशेजारी पुरलेल्या सळईला बांधलेली असायची. “पंखा बंद पडला तर माणूस घामाघूम होतो. ही तुटली तर माणूस जातो,” असं म्हणायचात. आणि मग पाऊस येईपर्यंत दर शनिवारी त्या सळईच्या मुळाशी तांब्याभर मीठ-पाणी, जमीन ओली राहावी म्हणून. शेजारचे पंडितजी भिंतीवरून डोकावून हसायचे, “मराठा साहब का अभिषेक चालू है!” तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “आइए, प्रसाद में नमक मिलेगा।”

आणि तुमचं फाटक. कचेरीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही वेताची खुर्ची फाटकाच्या आत टाकलीत आणि तिथेच म्हातारे झालात. अगरबत्तीवाला, कुकर दुरुस्त करणारा, अंगठ्या-खडे विकणारा, कुठल्याशा आश्रमाची पावती फाडणारा, सगळ्यांना एकच उत्तर: “नको. आगे बढ़ो।” मला लाज वाटायची. माणसाला असं उन्हातून हाकलतात का? एकदा तुम्ही आत जेवत होतात आणि दारात एक अत्तरवाला आला. सुरात शेर म्हणत होता. मी भारावून कडी काढली, आणि तो सरळ जिना चढून भाडेकरणीच्या दारात जाऊन बसला. ती एकटी होती, घाबरून गेली. तुम्ही उष्ट्या हाताने वर गेलात आणि त्याला खाली आणलंत. मला मारलं नाहीत. हात धुता धुता इतकंच म्हणालात, “आपल्या दारात कोणाला बसवायचं ते आपण ठरवू. पण त्यांच्या दारापर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही, हे भाड्यात आलं. गोड बोलतो म्हणून कोणी आत घेण्यासारखा होत नाही, बाळ.” मी त्या दिवशी तुमच्याशी बोललो नाही. पाषाणहृदयी वडिलांवर एक कविताही केली. यमक जमलं नाही म्हणून फाडली.

आता गल्लीत फेरीवाले तसे राहिले नाहीत. गळ्यात पट्टा आणि हातात फायली असलेली मुलं येतात. पाणी शुद्ध करायचं यंत्र, कर्ज, विमा, गॅसच्या शेगडीची तपासणी. मी तुमच्या खुर्चीवर बसून तुमचंच वाक्य म्हणतो, आणि बरेचसे जातातही. वरची मुलगी, तिला भाडेकरीण म्हणायला जीभ रेटत नाही, भिंडकडची होती. गच्चीवरून ऐकून हसायची. “बाबूजी, आप तो ‘नको’ ऐसे बोलते हो जैसे गोली मार रहे हो।” मग तीच ‘नको’ म्हणायला शिकली. भाजीवाल्याला, मांजराला, नवऱ्यालासुद्धा. शनिवारी मला उशीर झाला की जिन्यावरून हाक यायची, “बाबूजी, आपके भगवान प्यासे बैठे हैं!” या घरात तुमच्या सळईची आठवण ठेवणारी ती एकटीच होती.

यंदा तुम्हाला माहीत नसलेला उन्हाळा पडला. आपलं दगडी पटियांचं छप्पर दुपारी तव्यासारखं तापतं आणि रात्रीही निवत नाही. वरचा कूलर पाणी नीट ओढेना. माझ्याच्याने आता जिना चढवत नाही, म्हणून मिस्त्रीला निरोप धाडला होता. तो आज येतो, उद्या येतो करत होता. अशा एका दुपारी फाटकाशी एक माणूस आला. पाठीला पिशवी, कपाळावर घाम. “कूलर की फ्री सर्विस, अंकल जी।” मी म्हणालो, “नको. आगे बढ़ो।” तो वळला, आणि थबकला. “नको म्हणालात? काका, तुम्ही मराठी?”

अण्णा, या गावात आपली भाषा आता कोण बोलतं? माझी नातवंडं फोनवर ‘आजोबा’ म्हणतात आणि पुढचं सगळं हिंदीत. गणपतीत मंडळात आरती होते, ती वाचून. कोणी दारात उभा राहून मला मराठीत काका म्हणालेलं मला आठवेना. कुठला, कोणाचा, इथे कसा, मी विचारत गेलो. तो म्हणाला, आजोळ मराठी आहे, आजीने लहानपणी एक कविता शिकवली होती. आणि म्हणून दाखवली. आपल्या चौथीच्या पुस्तकातली, विहिरीवर आलेल्या तहानलेल्या चिमणीची. पहिल्या कडव्यात तो अडला. मी गजांतून पुढची ओळ सांगितली. तो हसला, मीही हसलो. मग दोघांनी मिळून ते कडवं पुरं केलं, भर दुपारी, फाटकाच्या दोन बाजूंना उभं राहून. मी कडी काढली. त्याला आपल्या माठातलं पाणी पाजलं. आणि जिन्याकडे तोंड करून ओरडलो, “बेटा, आदमी आ रहा है, अपना ही है, कूलर दिखा दो।”

तो अर्ध्या तासात खाली आला. पंप बदलला म्हणाला. वरून पाण्याचा आवाज येत होता आणि ती गच्चीवरून सांगत होती, “बाबूजी, शिमला हो गया!” मला केवढं बरं वाटलं. संध्याकाळभर मी ती कविता गुणगुणत होतो.

ती गेल्यानंतर मिस्त्रीने कूलर उघडून दाखवलं ते सांगतो. त्या माणसाने पंपाची तार टाकीच्या आतच जोडून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. आणि हिरवी तार मध्ये येत होती म्हणून कापून बाजूला सोडली होती. पुढच्या शनिवारी मी तुमच्या सळईला निष्ठेने मीठ-पाणी घातलं. वर ती तार भिंतीशी लोंबत होती. मी तांब्या उपडा केला, नमस्कार केला, आणि वरच्या मुलीला हाक मारून सांगितलं, “भगवान को पिला दिया।” ती म्हणाली, “अब सो जाइए।”

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारीच, ती बादलीने कूलरमध्ये पाणी भरत होती. अनवाणी, ओल्या फरशीवर. बादली पडल्याचा आवाज आला. मी खालून दोनदा हाक मारली. मग मेन बंद केलं, आणि जो जिना चढवत नाही म्हणत होतो तो चढून गेलो. तिचे केस ओले होते. पाणी अजून फरशीवरून मोरीकडे जात होतं. इस्पितळात नेलं, पण नेण्यात काही राहिलं नव्हतं. लोक येऊन मला धीर देतात. “कूलर का तो हर साल का है, बाबूजी, किसका क्या दोष।” पंडितजींचा मुलगाही तसंच म्हणाला. नवरा तेवढा काही म्हणत नाही. तो विचारतो.

इथवर लिहिलं आणि तो, पहाटेच निघायचं म्हणून, एक किल्ली आजच द्यायला खाली आला. मी त्याला बसवलं. पाणी प्यायला उठलो नाही. म्हणालो, “मैंने भेजा था। मैंने ही गेट खोला।” तो म्हणाला, “आप तो किसी को नहीं आने देते। उसने ऐसा क्या बोल दिया?” मी ती ओळ म्हटली. वर्गात बाकावर उभं केलेल्या पोरासारखी, एका सुरात. त्याने विचारलं, “इसका मतलब?” मी सांगितलं, “चिड़िया आई, पानी पिया, उड़ गई।”

“बस इतना?”

“बस इतना।”

त्याने किल्ली या कागदाशेजारी ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं. चपला घालून जिना चढून गेला. वर सामान ओढल्याचा आवाज अजून येतोय.

हे पत्र कुठे धाडणार? तुमच्या खुर्चीच्या गादीखाली ठेवतो. मात्र एक गोष्ट राहिली. तो वर गेला आणि थोड्या वेळाने फाटकाशी हाक आली, “काका, आहात का?” बाईचा आवाज, मराठी, अनोळखी. मी गेलो. गजांच्या अलीकडूनच म्हणालो, “नको. आगे बढ़ो।” तुमच्यासारखं, मान वर न करता. ती निघून गेली. पण अण्णा, तिला नको म्हणताना माझ्या हाताने कडी आधीच काढलेली होती.