सयाजी लॉक

१ जानेवारी १९९७, सकाळी ६.४०
नवी वही. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी, सौ.लाही दाखवायची नाही.
वय बेचाळीस. पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. वीस वर्षांत हजारो ड्रॉइंग काढली, एकावरही 'सयाजी चौगुले' नाही. खाली कोपऱ्यात साहेबांची सही. साहेबांना पेन्सिलला टोक करता येत नाही. असो.
यंदा माझ्या नावाची एक तरी वस्तू बाजारात असणार. त्यासाठी संकल्प : १) रोज पाचला उठणे. (आज साडेसहा. थंडी.) २) वस्तू कोणती ते ठरवणे.

९ जानेवारी
वस्तू ठरली.
कोल्हापुरात शनिवार पेठेत जोतीराम आण्णांचा गोटी सोड्याचा कारखाना आहे. त्यांची लाकडी खोकी खिळखिळी झाली आहेत. एकावर एक चार रचली की पाचवं कलंडतं. आण्णा वैतागून म्हणाले, "पावणं, तुमी ड्रॉइंगवाले न्हवं? मग प्लॅस्टिकचं कायतरी काढा की." बाकीची माणसं असं ऐकतात, सोडा पितात आणि घरी जातात. मी चहा मागितला. सोड्याने मला ढेकर येतात, शाळेत असतानाच बंद केला. त्यामुळे माझी नजर तटस्थ आहे.
नमुना म्हणून एक रिकामी बाटली पिशवीत घालून आणली.

१७ जानेवारी, रात्री जेवणानंतर
बाटली व्हर्नियरने मोजली. तोंडाला आतून रबराची चकती. खाली चिमटा काढल्यासारखा गळा, त्यात गोटी पडलेली. तोंडातून पेन्सिल घातली, इंचभर सहज आत गेली.
तिथेच सुचलं! क्रेट कलंडतात कारण त्यांना धरून ठेवायला काही नसतं. माझ्या क्रेटच्या बुडाला खालच्या अंगाने चोवीस पिना असतील. क्रेटवर क्रेट ठेवली की वरच्या पिना खालच्या बाटल्यांच्या तोंडात. दहा रचा, हलायचं नाव नको. इतकं सोपं, आणि आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही.
नाव : सयाजी लॉक.
सौ. म्हणाली, बाटली विसळून तरी घ्यायची होती, टेबलाला मुंग्या लागल्यात. मोठ्या कल्पनेच्या वेळी घरची माणसं मुंग्या बघतात.

२ फेब्रुवारी
साचा नईमच करणार. नईम शिकलगार, उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप. चौथीत एका बाकावर होतो. हात चांगला आहे, पण व्यवहारात दोस्ती आणायची नाही हा माझा नियम. ड्रॉइंग दोन तुकड्यांत दिलं, म्हणजे पूर्ण कल्पना कुणाच्याच हाती नको.
साच्यात भोक म्हणजे मालावर पिन. नईमने भोकं मोजली. "आरं सयाजी, ही चोवीस भोकं कशापायी?" म्हणालो, ट्रेड सीक्रेट. मग म्हणतो, "भरल्याली बाटली घालून बघितलीस का न्हाईस?" म्हणालो, बाटली भरली म्हणून लांब होते का? तो हसला. त्या हसण्यात मत्सर होता असं आता लिहिताना वाटतंय.

१९ फेब्रुवारी
बुडावर ठसठशीत अक्षरांत हवं : 'डिझाइन – सयाजी चौगुले, कोल्हापूर' आणि खाली घरचा फोन नंबर. नईम म्हणाला, "क्रेट हाय का लग्नपत्रिका?" तरी कोरलं. एकेक अक्षर उलटं कोरायला त्याला दोन दिवस गेले. एवढ्यासाठी दोन दिवस! मी रोज दोनदा जाऊन तपासलं.
फोन घेऊन चार वर्षं झाली, येतात ते सौ.च्या माहेरचे. आता ऑर्डरी येतील. फोनपाशी वही-पेन बांधून ठेवलं.

११ मार्च
ट्रायल. निळ्या रंगाच्या पाच क्रेट, आण्णांकडून आणलेल्या रिकाम्या बाटल्या. सयाजी लॉक अगदी हातमोज्यासारखं बसलं. मी रचलेली थप्पी गदागदा हलवली. ढिम्म! नईमनेसुद्धा एकदा हलवून बघितली. मग पुन्हा तेच, "भरल्याली बघू या की एकदा." म्हणालो, आण्णांचा सीझन तोंडावर आलाय, भरलेल्या बाटल्या तुला खेळायला देतील का?
पाडव्याला उद्घाटन. कारखान्याच्या राजीनाम्याचा मसुदा लिहिला. तारीख ९ एप्रिल.

८ एप्रिल, पाडवा, संध्याकाळी ७
लिहिण्याची इच्छा नाही. पण नोंद हवी.
टेम्पोला हार घातला होता. आण्णा फेट्यात. गल्लीतली पन्नास-साठ माणसं. चार क्रेट रचल्या, तर लॉक बसेना. पिना अर्ध्यावर अडत होत्या. मी सांगितलं, वरून दाब द्या. कुणी पुढे येईना. शेवटी मीच टेम्पोत चढलो, सगळ्यात वरच्या क्रेटवर दोन्ही पाय ठेवले आणि उभा राहिलो.
गोटी सोडा गोटी आत ढकलूनच उघडतात. भरलेल्या बाटलीत गॅसच्या दाबाने गोटी वर चकतीला चिकटलेली असते. हे मला कुणीही, कधीही, स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नाही.
बाहत्तर बाटल्या एका दमात उघडल्या. आवाज मोठा झाला. मी टेम्पोत पडलो, कपडे भिजले, फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. आण्णांच्या फेट्यातून पाणी गळत होतं. गल्लीतली पोरं ओंजळी करून धावली.
सगळ्यात वरच्या क्रेटमधल्या चोवीस बाटल्या शाबूत राहिल्या. ही गोष्ट कुणीही लक्षात घेतली नाही.

९ एप्रिल
रजा. शांतपणे विचार केला. कारणं :
आण्णांनी मला रिकामी बाटली दिली. माल भरलेला जाणार हे माहीत असताना रिकामी दिली. हा सरळसरळ विश्वासघात आहे.
नईमला ठाऊक होतं. दोनदा आडून सुचवलं, पण 'सयाजी, गोटी आत जाईल' असं चार शब्दांत सांगितलं नाही. चौथीपासूनच्या दोस्ताला चार शब्द जड झाले.
सौ. पाडव्याला हसली. पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलताना मी पाहिले.
राजीनाम्यावरची तारीख खोडून १ जून केली.

२६ एप्रिल
गल्लीत पोरं मला बघून 'ट्याक!' असा आवाज काढतात. कारखान्यातही पोचलं. साहेबांनी विचारलं, "चौगुले, आज प्रेशर कसं आहे?"
नईम दोनदा येऊन गेला. दार उघडलं नाही.

१८ मे, रात्री ९
रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो. सोड्याच्या गाडीमागे निळ्या क्रेटची थप्पी. सहा! ताठ उभी. माझीच क्रेट. माझी उंची, माझे कोपरे, माझ्या जाळ्या. फक्त सयाजी लॉक नाही. पिनांच्या जागी सपाट, आणि कडेला एक साधी खाच, तिच्यात वरच्या क्रेटची कड बसते.
नईमने साच्यातली भोकं बुजवून माझी क्रेट चोरली. सौ.ने भेळ घेतली. तिला भेळ गिळवली कशी?
क्रेट उलटी करून बघायचीही गरज नव्हती. चोर आधी मालकाचं नाव खरवडतो.

१९ मे
उद्यमनगरला गेलो. त्याच्या चार कामगारांसमोर बोललो. चोर म्हणालो, विश्वासघातकी म्हणालो, आणखीही एक-दोन शब्द, ते वहीत नकोत. नईम म्हणाला, "साचा गंजत पडला व्हता. आण्णांचा सीझन चाललाय. तू दार उघडंनास, मग मी काय करू?" मी ऐकून घेतलं नाही. परत निघालो तर कोपऱ्यापर्यंत मागे आला आणि ओरडला, "आरं, बूड तरी बघ की एकदा!"
भर रस्त्यात मला बूड बघायला सांगतो. तेहतीस वर्षांची दोस्ती संपली. घरी येऊन सांगितलं, आजपासून या घरात नईमचं नाव काढायचं नाही.

२ जून
सौ.ने फोनसाठी कुठून तरी स्टूल आणलं आहे. वर भरतकामाचा रुमाल, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत. उंची अगदी बरोबर, डगमगत नाही. मी केलं असतं तर असंच केलं असतं. बऱ्याच दिवसांनी घरात एक समाधानाची गोष्ट.
राजीनामा : १५ ऑगस्ट. तारीख शुभ आहे.

१४ जून
फोन आला. "क्रेटवाले सयाजीराव का?" मागे गाडीचा आवाज, बाजारातून बोलत असावा. आधी वाटलं कारखान्यातला कुणी. पण आवाज अनोळखी. म्हणजे नईम आता भाड्याने माणसं लावून थट्टा करतोय. राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

३ जुलै
सहा फोन झाले. कबनूरहून एकजण : "दोनशे क्रेट पायजेत बगा, डिझाइन लई झ्याक हाय तुमचं." थट्टेला मर्यादा हवी. म्हणालो, नईमला सांग, नाटक पुरे झालं. तो म्हणतो, "कोन नईम?" आवाजात इतका निरागसपणा, नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालं असतं.
सौ. म्हणाली, "अहो, माणसं खरंच मागायला लागलीत. त्या क्रेटच्या बुडाला—" मी हात वर केला. ती भाजी निवडायला बसली.

२१ जुलै
नईम घरी आला. मी न्हाणीत गेलो. सौ.ला सांगितलं, नृसिंहवाडीला गेलेत म्हण. ती बाहेर जाऊन म्हणाली, "न्हाणीत बसलेत." घरातच फितुरी!
नईम पाऊण तास बसला, चहा प्यायला. मी पाऊण तास पाटावर. पाय बधिर. शेवटी दाराबाहेरून म्हणाला, "सयाजी, येतो रं." मी पाण्याचा नळ सोडला.

११ ऑगस्ट
एकूण एकतीस फोन. निपाणीचा एक तर मी शिव्या दिल्यावरही "सावकाश बोला मालक" म्हणत होता. टेलिफोन ऑफिसात अर्ज दिला : त्रासदायक कॉल येतात, नंबर बदलून मिळावा. क्लार्कने विचारलं, बदलायचा नक्की ना? म्हणालो, शंभर टक्के.
सौ. आज जेवली नाही. बायकांचं काही कळत नाही.

१ सप्टेंबर
नवा नंबर मिळाला. कुणालाही दिलेला नाही. विजय झाल्यासारखं वाटतंय. राजीनामा दसऱ्याला.

२६ ऑक्टोबर
दोन महिने एकही फोन नाही. सौ.च्या माहेरचाही नाही. लाइन बिघडलेली दिसते. तक्रार नोंदवली. दसरा झाला. राजीनाम्याच्या कागदावर खोडायला जागा उरलेली नाही.

९ नोव्हेंबर, दुपारी
लाइनमन आला. रिसीव्हर कानाला लावला, कुठेतरी फोन केला, हसला. "साहेब, फोन ब्येस हाय. तुमाला कोन लावतच न्हाई, त्याला मी काय करू?"
वायर तपासायला त्याने फोन उचलला. रुमाल सरकला. स्टूल निळं होतं.
उपडी ठेवलेली क्रेट. बूड वर. लाइनमन वाकून वाचायला लागला. "डिझाइन, सयाजी चौगुले, कोल्हापूर. साहेब, तुमीच न्हवं ह्ये? खाली तुमचा जुना नंबर बी हाय की."
मी अक्षरांवरून बोट फिरवलं. एकही अक्षर खरवडलेलं नाही. पाच महिने फोन माझ्याच नावावर ठेवलेला होता, आणि त्याच फोनवरून मी गिऱ्हाइकांना शिव्या दिल्या.
सौ. दारात उभी होती. म्हणाली, "सांगायला आले की तुम्ही हात वर करता."
जुना नंबर परत मिळेल का विचारलं. लाइनमन म्हणाला, दुसऱ्याला गेला तो.

१० नोव्हेंबर
उद्यमनगर. नईम कानशीने काहीतरी घासत होता. पाहिलं त्याने, हात पुसले, खुर्ची पुढे केली.
"या सयाजीराव. बसा."
तेहतीस वर्षांत मला हा माणूस 'अहो' म्हणालेला नाही. मास्तरांनी दोघांना एकत्र छड्या मारल्या तेव्हाही 'आरं, दुखलं का' असंच म्हणाला होता. मी बसलो, पण काय बोलायचं ते पाठ केलेलं सगळं गेलं. एवढंच विचारलं, नाव का ठेवलंस?
म्हणाला, "चोवीस भोकं बुजवली, तवा नाव बी बुजवता आलं असतं. पण डिझाइन तुमचं व्हतं. तुमाला तेवढीच हौस व्हती."
मग कामाला लागला. चहा आला, कामगाराने आणून दिला. पाहुण्यांना देतात तसा, बशीसकट. विश्वासघात कुणी केला हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि लाज वाटली. माफी मागायची होती. म्हणालो, पाऊस लांबला यंदा. तो म्हणाला, व्हय, लांबला.
निघताना विचारलं, साच्यात नवा नंबर घालता येईल? म्हणाला, "घालू की. पण आजवर गेल्या त्या क्रेटचं काय करनार? प्लॅस्टिक हाय, पंधरा वर्सं जात न्हाई." हे मीच जानेवारीत आण्णांना सांगितलं होतं.

११ नोव्हेंबर, सकाळी ५.००
पाचला उठलो. वर्षात पहिल्यांदा. झोपच नव्हती.

त्याच दिवशी, सकाळी १०
जुना नंबर फिरवला. ज्यांच्याकडे गेला असेल त्यांना विनंती करायची होती, की क्रेटसाठी कुणी विचारलं तर माझा नवा नंबर सांगा.
एका बाईंनी उचलला. मी 'क्रेट' एवढाच शब्द काढला आणि त्या सुटल्याच. "पुन्यांदा क्रेट! दोन म्हैनं झालं, सकाळ न्हाई दुपार न्हाई. पूजंला बसू देत न्हाईत, जेवू देत न्हाईत. त्यो सयाजी चौगुले म्हणून कोण मेला हाय, त्यो एकदा घावू दे मला! तुमी कोण बोलताय?"
नाव सांगायला तोंड उघडलं.
"राँग नंबर," म्हणालो, आणि फोन ठेवला.