गवत्याच्या गंजीतल्या पट्ट्या

१९ ऑगस्ट, सकाळ
वरची झोपडी

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघे काय म्हणतात? नात शाळेत नीट जाते, की अजून रोज सकाळी तिचं पोट दुखतं? मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते, मी बरी आहे. तीन वर्षांनी पत्र लिहितेय, तेव्हा आधी मला चार शिव्या घाला, मग चष्मा लावा आणि पुढे वाचा. नात वाचून दाखवत असेल तर तिला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

इथे नऊ दिवस धुकं आहे. दारातून हात बाहेर काढला तर कोपरापर्यंतच माझा, पुढचा कुणाचा कोण जाणे. सकाळ संपून दुपार कधी होते तेही कळत नाही. चहा कितव्यांदा झाला त्यावरून ठरवायचं. कुरणावर जाऊन बसलं की भुंगे आधी ऐकू येतात आणि मग केव्हातरी दिसतात. काल एक केसाळ भुंगा निळ्या टोपीच्या फुलात शिरला आणि आतच झोपून गेला. गारठला की तो असंच करतो, फुलाच्या आत बाहेरच्यापेक्षा जरा ऊब असते. मीही त्याच्याशेजारी पालथी पडून राहिले. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं, खालून घंटा वाजतेय, तुमच्या पुढे चालणाऱ्या त्या मिजासखोर मेंढीची. एवढं खरं वाटलं की मी वाटेतून बाजूला झाले! मग भुंगा उडाला, घंटाही थांबली. माझी पाठ तेवढी ओली झाली होती.

हल्ली असं फार होतं. चालता चालता मला तुमचे शब्द ऐकू येतात आणि मी मोठ्याने उत्तर देते. बरं आहे, वर कुणी नाही, नाहीतर वेड्यात काढलं असतं.

तुम्ही तळ टाकायचात ती जागा आता ओळखू येणार नाही. गवत कंबरेला लागतं. गावातल्या कचेरीतले माझे साहेब फोटो बघून खूश आहेत, म्हणतात, बघा कुरण कसं भरून आलं. पण त्या गवताच्या बुडाशी हात घालून बघितलं तर निळ्या टोपीची रोपं पिवळी पडून बसलीत, ऊनच पोचत नाही त्यांना. फुलं कमी झाली तसे भुंगेही कमी झाले. तुमच्या मेंढ्या हेच गवत खाऊन खाली ठेवायच्या. हे मला गेल्या वर्षीच दिसलं होतं. मी त्याला "तात्पुरता परिणाम" असं नाव दिलं आणि पुढच्या कामाला लागले.

मला तुम्ही पट्टीवाली म्हणायचात, आठवतं? प्रत्येक निळ्या टोपीला मी नंबराची एक पत्र्याची पट्टी तारेने बांधायची आणि तुम्ही लांबून ओरडायचात, "नटव गं नटव, उद्या बघायला येणार आहेत तिला!" पट्टी खरं तर मुळाशी बांधायची असते. पण इथे थंडीत जमीन फुगते आणि मुळाशी बांधलेलं सगळं वर फेकून देते. म्हणून मी शहाणी, देठाला बांधायची. दर दहा दिवसांनी फेरी. पट्टी दिसली तर झाड आहे, नाही दिसली तर झाड गेलं. वहीत शेवटचा रकाना होता, कशाने गेलं. त्या दहा दिवसांत तुमचा कळप तिथून गेलेला असायचाच. मी लिहायची, "मेंढी".

तुम्ही सांगितलं होतं मला. "अगं बाई, मेंढी त्याला तोंड लावत नाही, कडूजहर असतं ते. तो तुझा गवत्या नेतो. कडू पाला घातला की त्याची गंजी कुजत नाही." दगडांत राहणाऱ्या त्या बिनशेपटीच्या, मुठीएवढ्या सशाला गवत्या हे नाव तुम्हीच दिलेलं. हिवाळ्यासाठी तो गवत कापून वाळवतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तुमचं बोलणं मी वहीत उतरवून घेतलं. वर लिहिलं, "मेंढपाळांचे मत". आणि पान उलटलं.

गेल्या मंगळवारी दगडांच्या घसरणीवर माझा पाय सटकला, एक शिळा कलंडली आणि खाली गवत्याची गंजी उघडी पडली. काय वास होता, मावशी! वाळलेल्या कडू पाल्याचा, कपाटात जपून ठेवलेल्या लोकरीसारखा. आणि त्यात माझ्या पट्ट्या. एक नाही, दोन नाहीत, ओंजळभर. देठांसकट, देठ तिरपे कापलेले, सुरीने कापावेत तसे स्वच्छ. मेंढी असं कापत नाही, ती ओढून तोडते. पट्ट्यांवरचे नंबर घेऊन मी जुन्या जागांवर गेले आणि बोटांनी माती उकरली. मेली म्हणून लिहिलेली झाडं खाली जिवंत होती. जाडजूड मुळं, वर पांढरे कोंब. दर दोनचार वर्षांनी देठ जातो, मूळ राहतं, त्यात काय एवढं! मी देठ मोजत होते आणि झाडं मेली म्हणत होते.

गवत्याचा पत्ता नव्हता. वरच्या दगडावरून कुठूनतरी माझ्यावर शिट्टी मारत होता तो. माझी गंजी लुटायला आलीय ही चोर, असं वाटलं असेल त्याला.

तर त्या वहीवरून अहवाल झाला, अहवालावरून कुरण बंद झालं आणि तुम्ही खाली उतरलात. आता येत्या सोमवारी ते कायमचं बंद करायचं की नाही यावर बैठक आहे. तेवढ्यासाठी हे पत्र.

२० ऑगस्ट

काल इथे पेन ठेवलं. वाटलं, झालं, एवढं पुरे. चूक झाली, चूक कुणाचीही होते, तुम्ही वाचून म्हटलं असतंत, "पोर आहे, चुकली." आणि मी सुटले असते.

पण ती नुसती चूक नव्हती. शेवटच्या उन्हाळ्यात, अहवाल पाठवायच्या पंधरा दिवस आधी, मला एक पट्टी त्याच दगडांत मिळाली होती. मिळाली म्हणजे, काकांनी, तुमच्या यजमानांनीच, आणून दिली. सकाळची वेळ, असंच धुकं. धुक्यातून आधी त्यांचा खोकला आला आणि मग ते. हसत होते. म्हणाले, "ही तुझीच का गं? तुझ्या गवत्याने पळवली बघ." तिच्यावर देठाचा तुकडा तसाच होता, तिरपा कापलेला. मी बघितला. मी म्हटलं, "वाऱ्याने गेली असेल, काका," आणि पट्टी खिशात घातली. झोपडीत येऊन त्या नंबरापुढे लिहिलं, "मेंढी".

का, ते विचाराल. सहा वर्षांनी पहिल्यांदा माझ्या कामातून एक सरळ वाक्य निघत होतं. मेंढ्या आहेत म्हणून निळी टोपी संपतेय. साहेबांना ते आवडलं होतं, त्यांनी पाठ थोपटली होती माझी. एका पट्टीसाठी ते वाक्य मोडायचं माझ्या जिवावर आलं. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

कुरण बंद करायच्या त्या पहिल्या बैठकीत काका माझ्या समोर बसले होते, टोपी गुडघ्यावर. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी बोलेन म्हणून वाट बघितली त्यांनी. मी कागद नीट लावत बसले. मग ते म्हणाले, "नाही. पोरीने अभ्यास केलाय, तिला माहीत असणार." आणि उठले. तुम्हाला त्यांनी पट्टीचं कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, नसेल सांगितलं.

आज सकाळी खच्चरवाला आला तेव्हा सगळ्या पट्ट्या, वहीचं ते पान आणि हेच सगळं लिहिलेला कागद बैठकीसाठी त्याच्याकडे दिला. तो धुक्यात दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. एकदा तोंडापर्यंत आलंही होतं, अहो थांबा म्हणून. मग वायरलेसवर मीच सगळं सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "इतक्या वर्षांचं काम पाण्यात घालतेस, कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. त्यांनी झोपडीची किल्ली महिनाअखेर जमा करायला सांगितली.

सोमवारी या. अकरा वाजता, तीच खोली, वरच्या मजल्यावरची. जिना हळू चढा. तुम्हाला विचारतील तेव्हा कुणाचीही भीड धरू नका, माझी तर मुळीच नाही. मेंढी काय खाते आणि काय खात नाही, ते जसं मला सांगितलंत तसं सांगा.

मावशी, मी हे पत्र दोन दिवस लिहितेय आणि काका गेले त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. खाली उतरल्यावर तुम्ही ज्या लॉन्ड्रीत कामाला लागलात, तिच्या तळघरातल्या खोलीत मी एकदा आले होते, ते असताना. तुम्ही चादरींना इस्त्री करत होतात आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. खिडकी नव्हती. मला म्हणाले, "वर धुकं आहे का गं?" मी हो म्हटलं आणि पाच मिनिटांत निघाले. ते गेल्याचं कळलं तेव्हा पाय मुरगळलाय, येता येत नाही, असं मी कळवलं. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

कुरण कदाचित उघडेल. त्याने ते परत येणार नाहीत, हे मला कळतं. मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. इतक्यात देऊ नका.

सोमवारी तुमच्या समोरच्या खुर्चीत असेन. या वेळी कागद लावत बसणार नाही.

तुमची म्हणायला जीभ रेटत नाही, तरी तुमचीच,
काकांशी खोटं बोललेली मी