बाळवर्गात शिरण्यापूर्वी

ता. ३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे भांडण चालू आहे आणि मी मजेत आहे.

माझ्या बाळवर्गात एक मुलगी परत आली आहे. इतकी बारीक की सगळे तिला पेन्सिल म्हणतात, तीही म्हणते. मोठ्या दुखण्यातून उठली आहे. औषधांनी दुखणं मारलं, त्याच्याबरोबर अंगातली ताकदही मारली. साधी सर्दी तिला पुन्हा दवाखान्यात नेऊ शकते. डॉक्टरांचं म्हणणं, वर्गातल्या सगळ्यांनी नाक-तोंड झाकलं तर तिने शाळेत यायला हरकत नाही. मी म्हटलं, झाकू. शाळेचे अध्यक्ष म्हणाले, बाई, ही शाळा आहे की ऑपरेशन थिएटर? प्रवेशाच्या जाहिरातीत फोटो कसले छापायचे, भुवयांचे? मुलीला घरीच बसवा, असा त्यांचा निकाल. मी तो ऐकला. ऐकण्यापलीकडे काही केलेलं नाही.

एवढीशी पोरं मास्क लावणार नाहीत, असंही ते म्हणाले होते. आता बघ. बाटलीत लाल पाणी भरून पांढऱ्या कागदावर फवारलं: ही शिंक. मग मधे फडकं धरलं: कागद कोरा. पोरं खूश झाली आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या भिंतीला सर्दी झाली होती. दुसरा खेळ डोळ्यांचा. मास्कवर दिसतात तेवढ्या डोळ्यांवरून ओळखायचं, माणूस हसतोय की रागावलाय. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मास्क लावून आल्या तेव्हा सगळ्या वर्गाने एकमुखाने सांगितलं, घाबरल्यात. मास्कवाला दिसला की एक प्रश्न विचारायचा, हेही शिकवलंय: तुला खोकला आहे, की कुणाला जपतोयस? दोन्ही उत्तरं चालतात.

सगळ्यात लाडका खेळ दाराचा. एक पोर दारावर उभं राहतं. मी मास्कशिवाय आत घुसायला बघते. घाई आहे म्हणते, एकच मिनिट म्हणते, मी मोठी आहे, मी राजा आहे म्हणते, रागावते, पाय आपटते. दारावरच्याने काही न बोलता मास्कच्या टोपलीकडे बोट दाखवायचं. हरले की मास्क लावून पेन्सिलीशेजारच्या चिमुकल्या खुर्चीत बसायची शिक्षा. बसता येतं, उठवायला दोघं लागतात.

दुकानातले मास्क पोरांच्या हनुवटीवर घसरतात. तुझ्याकडे सुती कापड उरत असेलच, शिवून पाठव. माझी नोकरी तुझ्या शब्दावर लागली आणि अध्यक्ष तुझे वर्गमित्र, हे मी विसरलेले नाही. म्हणून तुला कळवते आहे. परवानगी मागत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ असावा, इलॅस्टिकही असावं.

तुझी,
धाकटी


ता. ११ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पार्सल पाठवलं आहे. जन्मभर लोकांच्या पोटांची मापं घेतली, नाकांची पाळी पहिलीच. तुझ्या पोरांना नाकं नसतात, बटणं असतात. वरची तार अडकवायची कुठे? शेवटी तुझ्या वहिनीने शेजारणीचा नातू धरून आणला. माप मिळालं, पण तो चावला.

ढब्बूचा फोन आला होता. तुमचे अध्यक्ष आमच्या बाकावर ढब्बूच होते. म्हणाला, बहिणीला आवर. मी सांगितलं, ती बोलायला लागली तेव्हापासून प्रयत्न चालू आहे. तो हसला नाही. तेव्हा मीही हसणं आवरलं.

आता नीट ऐक. तू एकटी, घर तुझ्या एकटीच्या पगारावर. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पेन्सिलीला तिच्या घरी जाऊन शिकव, पुण्यही मिळेल आणि नोकरीही राहील. जरा नमतं घेतलं म्हणून कोणाची मान मोडत नाही. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे वाकतोय, उलट पाठीचा व्यायाम होतो.

तुझी वहिनी हे वाचून म्हणाली, अर्धंच पाठवा. मी सगळं पाठवतोय. जपून राहा आणि आमच्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस.

तुझा,
दादा


ता. १९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मास्क झकास बसले. तुझा उपदेश मात्र जरा घट्ट होतो आहे, काखेत काचतो.

पेन्सिलीला घरी शिकवता येईल, अक्षरं तिथेही असतात. पण शेजारच्या पोराने ढापलेला खडू परत हिसकावून घ्यायला ती घरी कुठे शिकणार? ती खडूसाठी येते, दादा. मी तिचं ते हिसकावणं बघायला येते.

तर काल अध्यक्ष आले. सोबत शाळेला इमारत बांधून देऊ पाहणारे एक वयस्क नवरा-बायको. दारावर होती आमची फौजदार. हे तिचं टोपणनाव; तिच्या घरीही तिचंच राज्य आहे असं तिचे वडील सांगतात. अध्यक्ष बिनमास्कचे. तिने टोपलीकडे बोट दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, बाळ, आम्हाला घाई आहे. वर्ग खुदकन हसला. ते म्हणाले, एकच मिनिट. वर्ग खिदळला. मग त्यांनी सांगितलं की मी या शाळेचा अध्यक्ष आहे, आणि पोरं अक्षरशः लोळली, कारण माझ्या राजापेक्षा हे फारच वरचढ होतं. त्यांचा चेहरा लाल झाला, त्यांनी पाय आपटला. टाळ्या! एकाने ओरडून सांगितलं की बाईंपेक्षा हे आजोबा छान खेळतात.

शपथेवर सांगते, मी पढवलं नव्हतं. पढवलं होतं ते मला अडवायला. थांबवता आलं असतं. थांबवलं नाही.

पाहुण्या बाईंनी टोपलीतून मास्क उचलला, लावला, आणि थेट खुर्चीत जाऊन बसल्या. पाठोपाठ त्यांचे यजमान. अध्यक्ष एकटेच व्हरांड्यात, सूचनाफलक वाचत. त्यावर सध्या काहीच लावलेलं नाही.

संध्याकाळी मोठ्या बाई निरोप घेऊन आल्या: आठवड्याभरात लेखी माफी द्या, त्यापुढच्या सोमवारपासून मुलगी घरी, नाहीतर दुसरी नोकरी बघा. मी लेखी दिलं. एकच ओळ: मुलगी येईल, मीही येईन. मोठ्या बाईंनी ती दोनदा वाचली आणि मास्क लावला. पण वरचे डोळे, दादा, या वेळी घाबरलेले नव्हते.

रागावलास तरी पत्र टाक. रागाचं चालेल, अबोला नको.

तुझी,
धाकटी


ता. २४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्यासाठी माफीचा मसुदा लिहायला बसलो होतो. ‘माझ्याकडून चूक झाली’ इथपर्यंत सुरेख आला. पुढे चूक कोणती ते लिहावं लागतं, तिथे अडलो. तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, शोधून सापडत नाही ती वस्तू घरात नसते.

मग मशीनवर बसलो. ढब्बूचं माप घ्यावं लागलं नाही. त्याचं डोकं लहानपणीच मोठं होतं, वाढायला फक्त शरीर उरलं होतं. गडद निळं कापड, आतून दुहेरी अस्तर, कानाला रुतणार नाही अशी पट्टी. त्याच्या घरी पाठवून दिलाय. सोबत चिठ्ठी: हा लाव, म्हणजे आत जाशील, एवढंच करायचं होतं, गाढवा.

आता तुझी नोकरी गेली तर माझ्यामुळेही गेली असं समज. काजं-बटणांना मला हात हवाच आहे, पण तुझे टाके मी पाहिलेत. तेव्हा तिथेच टिकून राहिलीस तर दुकानावर उपकार होतील.

वाकून वाकून पाठ दुखते गं. तुला हे आधी सांगितलं नव्हतं.

तुझा,
दादा


ता. २९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोमवारी पेन्सिल आली, मी आले. थोड्या वेळाने अध्यक्षही आले, हातात बंद पाकीट. दारावर पुन्हा फौजदार. तिने ती जागा आता कायमचीच घेतलेली दिसते. पोरांनी त्यांना ओळखलं, छान खेळणारे आजोबा आले म्हणून गलका केला आणि सबबींची वाट बघत बसली.

सबब आली नाही. त्यांनी खिशातून गडद निळा मास्क काढून लावला. पोरांची थोडी निराशाच झाली. पण नियम तो नियम: हरलेल्याने खुर्चीत बसायचं. अध्यक्ष बसले. गुडघे कानांना लागले. पेन्सिलीने त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, तुम्हाला खोकला आहे, की कुणाला जपताय?

त्यांनी हातातलं पाकीट खुर्चीखाली ठेवलं. आमच्याकडे उत्तर दिल्याशिवाय उठता येत नाही. शेवटी मास्कच्या आतून आवाज आला, जपतोय. पेन्सिलीने बरं म्हटलं आणि त्यांच्या गुडघ्यावर टेकून चित्र रंगवायला घेतलं.

त्यांना उठवायला चौघं लागली. मास्क तसाच लावून निघून गेले. पाकीट खुर्चीखाली राहिलं.

मी इतरांची नाकं पुसून येईपर्यंत फौजदारने आतला कागद काढून कात्रीने त्याचा मुखवटा केला होता. मांजराचा. मिशाही काढल्या. वर संस्थेचं नाव शाबूत आहे, खाली सही शाबूत आहे. मधे ‘आपणास कळविण्यात येते की’ एवढं वाचता येतं, त्यापुढे डोळा आहे. दुसऱ्या ओळीलाही डोळाच. मला काय कळवण्यात आलं ते मला कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत मी रोज वर्गावर जाणार आहे.

ते मांजर पेन्सिलीने घरी नेलं. आणखी मास्क शिव, नाकं वाढताहेत. वहिनीला नमस्कार, पाठीला शेक, आणि तुम्हां दोघांचा लोभ आहे तो असाच दारात उभा असू दे.

तुझी,
धाकटी