पटकीत पाणी

अकोला, ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थरूप आई, अकोल्याहून तुझ्या पायांवर डोके ठेवतो. मी धडधाकट आहे.

कापसाच्या बाजारात पटकी शिरली आहे. वैद्य रोग्यांचे पाणी तोडतात. भर सभेत रूढींवर आग ओकणारा मी त्यांच्या होला हो म्हणत गेलो. आपला गाडीवान पुंजाराम "दादा, घोटभर पाणी दे ना मले," म्हणत परवा गेला.

आज तुझ्या सुनेला, सुभद्रेला, उलट्या-जुलाब लागले. मी पळीने पाणी पाजतो आहे. "मारून टाकता काय तिले?" म्हणत वैद्य निघून गेले. निम्मे उलटते, मी पुन्हा पाजतो.

तिकडे सारे बरे आहेत ना? मागच्या पत्रात मीच तुला रोग्याचे पाणी तोडायला लिहिले होते. ते पत्र आधी चुलीत घाल.

तुझा चुकलेला लेक,
किसन