आगाजानचा कित्ता

७ रबिलाखर १३३४

रशियन आले. नानवाईच्या भट्टीपुढची रांग मोडली, बाकी आवाज काही झाला नाही. घोडे मात्र मोजता येणार नाहीत इतके.

दुपारच्या आत हाजी सफरअली आमच्याकडे. हाजी गावचे कदखुदा, त्यामुळे कोणीही आलं की गावाच्या वतीने पुढे जायचं काम त्यांचं. रशियन कर्नलला द्यायला स्वागतपत्र हवं होतं. तीस वर्षं या गावातला प्रत्येक अर्ज, प्रत्येक निकाहनामा माझ्या वडिलांनी, आगाजाननी, लिहिला आहे. पण हमदान रशियनांच्या हाती पडलं त्या आठवड्यात त्यांचे डोळे गेले. त्याच आठवड्यात हमदानमधली आमची मुलींची शाळा बंद झाली आणि आत्याने मला घरी पाठवलं. माझी आई, नने, म्हणते, एका आठवड्यात घरात एक आंधळा आला आणि एक शिकलेली मुलगी. दोघांतलं मोठं संकट कोणतं, ते ती सांगत नाही.

आगाजान म्हणाले, "माहलका लिहील."

हाजींनी पडद्याकडे असं पाहिलं, जणू आड बकरी बांधली आहे आणि तीच आता लिहिणार आहे. मग म्हणाले, मुलीने लिहिलं हे बाहेर कळता कामा नये, रशियनांपेक्षा आपलेच लोक जास्त चिडतील.

मी लिहिलं. आपल्या पावलांनी आमच्या गावची धूळ सुरमा झाली. गाव आपल्या वाटेकडे डोळे लावून होतं. अशी चार वाक्यं. शाळेतल्या बाई सांगायच्या, रोजनिशीत खरंच लिहायचं. म्हणून इथे नोंदवते — चारही खोटी आहेत. गाव भाकरीच्या वाटेकडे डोळे लावून होतं.

१० रबिलाखर

आगाजानना विचारलं, आपण तटस्थ आहोत तर स्वागत का करतो? दीड वर्षापूर्वी सरकारी जाहीरनामा त्यांनीच बाजारात वाचला होता. मी तेव्हा सुट्टीला आले होते. युरोपातल्या लढाईत इराण कोणाच्याच बाजूला नाही, असं वाचताना त्यांनी कागद लांब धरला होता. सगळ्यांना दिसावा म्हणून. लोकांनी मान डोलावली आणि जिऱ्याचा भाव विचारला.

हाजी बसले होते, ते म्हणाले, "बेटी, तटस्थ म्हणजे दोघांच्याही घोड्यांना गवत घालायचं. एकाला घातलं तर दुसरा विचारतो, माझ्या घोड्याने काय पाप केलं?"

२२ रबिलाखर

सराव केला. आगाजान जवळ बसून ऐकत होते. एकदम म्हणाले, "काफची वरची रेघ लांबवलीस."

लांबवली होती! काफ या अक्षराची रेघ लांब ओढायचा मला मोह होतो. कलमाच्या कुरकुरीवरून त्यांनी ओळखलं. डोळे गेले की अल्ला कान मोठे करतो, असं नने म्हणाली आणि बाहेर गेली.

काफ सोडला तर माझं अक्षर त्यांचंच आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांचं तसंच. सगळे म्हणजे दोघेच — मी आणि मिर्झा जलील. मिर्झा जलील आता धान्याच्या वखारीत लिहितात. लहानपणी ते अंगणात बसायचे, मी पडद्याआड. आगाजान वर एक ओळ लिहून द्यायचे, खाली आम्ही ती शंभरदा गिरवायची. कित्ता एकच असे. आधी ते गिरवत, मग कागद माझ्याकडे येई. त्यांच्या ओळी संपत तिथून माझ्या सुरू. कोणत्या ओळी कोणाच्या, हे ननेला कधी कळलं नाही. काफही तेव्हा सारखेच होते. लांबवायला आम्ही दोघेही नंतर शिकलो.

३ जमादिलाखर

रशियनांच्या घोड्यांनी मशिदीमागच्या तुतीची साल खाल्ली. तुती तटस्थ होती.

१९ रजब

ननेने आगाजानच्या वाटेत पाण्याची घागर ठेवली. विसरली असावी. ते वळसा घालून गेले. मी घागर उचलून कोपऱ्यात ठेवली तर नने म्हणाली, "राहू दे. त्यांना सवय आहे."

त्यांच्या डोळ्यांसाठी चाळीस दिवस पहाटेची दुआ धरली होती. आज तिसावा. मधे एक दिवस लक्ष नव्हतं, जीभ नुसती चालली. तो दिवस मोजावा की नाही? मोजत नाही. एकोणतिसावा.

२४ रमजान

सकाळी रशियन गेले. दुपारी तुर्क आले. मधल्या वेळात गाव दोन तास इराणचं होतं. लोक झोपले होते, रोजे आहेत.

इफ्तारच्या आधी हाजी सफरअली. नवीन मजकूर सुचवायला वेळ नव्हता. ते म्हणाले, तोच घाल, फक्त नाव बदल. मी रशियनच्या जागी उस्मानी लिहिलं आणि 'धर्मबंधू' हा शब्द वाढवला. तो शब्द माझाच. काफ पुन्हा लांबला. उपाशीपोटी हात सैल पडतो.

रोजा असताना खोटं लिहिलं. रोजा मोडला का?

२६ रमजान

ननेने मुल्लांना विचारून घेतलं. माझं नाव न घेता. अल्लाविषयी किंवा पैगंबरांविषयी खोटं बोललं तर रोजा मोडतो. सैन्याविषयी बोललं तर नाही. मुल्ला म्हणाले म्हणे, सैन्याविषयी खरं बोललं तरच भीती.

तरीही एक रोजा भरून काढेन.

५ सव्वाल

नीट लिहिते.

रशियन कर्नल वाटसरूंच्या सराईमध्ये राहायचा. घाईत निघाला आणि कागद टाकून गेला. तुर्की कप्तानाला त्यात माझं पहिलं पत्र सापडलं. त्याने स्वतःला आलेलं दुसरं पत्र शेजारी ठेवलं. तीच सुरम्याची धूळ, तेच वाटेकडे लावलेले डोळे. अक्षर तेच.

हाजींना बोलावलं. हाजींनी सांगितलं, मला वाचता येत नाही, बंदुकीपुढे मोहोर उठवली, कशावर ते खुदा जाणे. त्यांना वाचता येत नाही हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच छाती पुढे काढून सांगितलं. कप्तानाने त्यांना सोडलं. तो म्हणाला, मोहोर भीतीने उठते, पण दोन्ही दरबारांत ज्याचा कागद पोचतो त्याच्या बातम्याही दोन्हीकडे पोचतात. म्हणजे हेर. लिहिणारा हवा.

मी कोणत्याच बातम्या पोचवल्या नाहीत. मला बातम्या माहीतच नाहीत.

६ सव्वाल

आगाजानना नेलं. हाजींनी हात धरला होता. कप्तानाने कागद दिला, म्हणाला, एक ओळ लिहा. आगाजाननी कलम दौतीऐवजी कप्तानाच्या चहात बुडवलं. मग ओळ कागदावर सुरू केली आणि मेजावर संपवली. कप्तान उठून उभा राहिला. म्हाताऱ्या माणसाला त्रास दिला म्हणून माफी मागितली आणि साखरेची एक ढेप दिली.

हे सगळं हाजींनी सांगितलं. ते हसत होते. आगाजान हसले नाहीत. ढेप त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, जराही न चाचपता.

मी अल्लाच्या आभाराची दोन रकात नमाज पढले. अजून पढत असतानाच शेजारीण सांगत आली. कप्तानाने विचारलं होतं की या उस्तादाकडे शिकलं कोण. बाजारात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

७ सव्वाल

मिर्झा जलीलना वखारीतून नेलं. लिहायला लावलं. जुळलं. का नाही जुळणार?

त्यांना विचारलं, पत्रं तुझी का? ते म्हणाले, "अक्षर माझं आहे. पत्र माझं नाही." मग दुसऱ्या कोणाचं अक्षर असं आहे? त्यावर गप्प. मारलं तरी गप्प.

त्यांना ठाऊक आहे. या गावात असं लिहिणारं दुसरं कोण, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

शुक्रवारी नमाजनंतर फाशी.

८ सव्वाल

त्यांची बायको गुलअंदाम आली होती. कडेवर मुलगी, अजून दात नाहीत. आगाजाननी कप्तानाकडे जाऊन एक शब्द टाकावा, असं तिचं म्हणणं. म्हणाली, "उस्ताद, माझा नवरा घरी पत्र लिहायचं झालं तरी चार दिवस टाळतो. तो परक्यांना दोन लिहील?"

आगाजान म्हणाले, आंधळ्याची साक्ष अक्षराच्या बाबतीत कोण घेणार.

ती रडली नाही. मी तिला चहा दिला. तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, दोन्ही हातांनी पेला धरता यावा म्हणून. मुलीने माझं शाई लागलेलं बोट धरलं आणि चोखलं. मी हात काढून घेतला. गुलअंदामने ते पाहिलं. तिला वाटलं, मला मुलं आवडत नाहीत.

९ सव्वाल

आगाजानना सांगितलं, उद्या सकाळी मी कप्तानाकडे जाणार. पत्रं मी लिहिली. ते म्हणाले, गप्प बस. मी म्हणाले, आयुष्यभर गप्प बसेन, पण परवापासून. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

ननेने माझी बाहेर जाताना पांघरायची चादर पेटीत घातली, कुलूप लावलं आणि पेटीवर बसून तांदूळ निवडायला लागली. चादरीशिवाय मी दाराबाहेर पडणार नाही, हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. लाज वाटते की एका माणसाच्या मानेपुढे मला चादर आठवते. तरी जाईन. ननेची घेईन. नाहीतर ताटावरचं फडकं.

दुपारी आगाजान तांदूळ निवडायला ननेजवळ बसले. मग मला हाक मारून म्हणाले, रशियनांचं पत्र आठवतंय का, जसंच्या तसं पुन्हा लिही. मला वाटलं, माझ्यावर उलटेल असा मजकूर त्यात काही आहे का, ते ऐकायचं असेल. लिहिलं, वाचून दाखवायला गेले. त्यांनी कागदच मागितला आणि खिडकीपाशी नेला.

मी म्हटलं, आगाजान, तिथे काय?

"शाईचा वास घेतो. पातळ झाली आहे."

बराच वेळ वास घेतला.

रात्री जेवताना भातात एकही खडा नव्हता. ननेच्या निवडण्यात दोन-तीन राहतातच.

१० सव्वाल

आगाजान पहाटेच गेले. एकटे. काठी दाराशी आहे.

कप्तानापुढे त्यांनी दोन्ही पत्रं एका बैठकीत लिहिली, न अडखळता. हाजींनी स्वतः पाहिलं. काफ माझ्याइतकाच लांब. मिर्झा जलील दुपारी घरी आले, आगाजान नाही.

नने पेटीवरून उठली आहे. माझ्या कलमदानात चिठ्ठी होती. 'मला खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून तुला लिहायला लावलं. हे काही बरं झालं नाही. काफ आवर.'

अक्षर हुबेहूब माझं.

उद्या शुक्रवार.