कोण कशाचा डॉक्टर

१४ जानेवारी ९६, रविवार
उत्तरायण. आमची सगळी गोडादरा वस्ती गच्चीवर. सोनू मांजाने बोट कापून खाली आली. रक्त थोडंच. शोभा दारात उभी, दोन्ही हात छातीजवळ वर धरलेले. पोर "मम्मी, मम्मी" करतेय आणि ही म्हणते, "अहो, तुम्ही बघा ना तिला. माझे हात आत्ताच धुतलेत."
सहा वर्षांची पोर. मी फडकं बांधलं. मग मला सांगते, आता तुम्ही पण धुवा, कोपरापर्यंत. धुतले. भांडण नको म्हणून.
खालच्या जशुबेननी उंधियोचा डबा दिला. "बहु चोख्खी बाई छे तमारी, भाई." चौऱ्याण्णवच्या प्लेगपासून हेच ऐकतोय, बायको किती स्वच्छ. त्या साली सगळं सुरत हात धूत होतं. शहर धुऊन निघालं, पेपरात नाव झालं. आमच्या घरातलं धुणं थांबलंच नाही. उंधियो शो.ने मोरीत ओतला. गरम होता अजून. मला शिसारी आली. अन्नाची नव्हे.

१९ जाने.
नेहमीचं. कामावरून आलो की कपडे गॅलरीत काढायचे, बादलीत बुडवायचे, पंचा लावून तिथेच आंघोळ. मगच आत. समोरच्या गॅलरीतली माणसं आता हसतही नाहीत. सवय झाली त्यांना.
कापडाच्या मिलमध्ये कलर किचनचं काम, दिवसभर रंग कालवायचा. नखात आज निळा, उद्या मरून. शो. म्हणते, "नखं?" मी दाखवतो. शाळेत मास्तरांपुढे धरायचो तशी.
"रंग आहे तो. निघत नाही."
"माहितीय हो मला. पण..."
या 'पण'च्या पुढे ती कधी जात नाही.

२७ जाने.
कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. हाताला भेगा, पोपडे, मनगटापर्यंत लाल. तो म्हणतो, "बेन, साबू ओछो करो." कमी करणं जमत असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो? का धुते, हे विचारलं नाही. मलम दिलं. मलमाने हात चिकट होतात, चिकट झाले की धुवायचे. वा.

४ फेब्रु.
आई आली अमळनेरहून. पिशवी दारात, चपला जिन्यात, पाय धुऊन मगच आत. आई दिवसभर नुसती बघत राहिली. संध्याकाळी मला गॅलरीत ओढून,
"बाहेरनं काहीतरी शे. मी सांगस ते आयक, भगतकडे लई जा तिले."
म्हटलं, आई, भगत अंगारा लावणार. राख. ती लावून घेईल का?
"मंग तिना बापले बलाव. लई जाऊ दे त्याले."
आत नळ चालू होता. तो एकदम बंद झाला. ऐकलं तिने.

११ फेब्रु.
आजचा दिवस आठवला तरी थुंकावंसं वाटतं.
मिलमधल्या रमणभाईंनी पत्ता दिला होता, "मगजना डॉक्टर". स्टेशनकडे, दुसऱ्या मजल्यावर. बोर्डवर मनोचिकित्सक, संमोहन, दारू सोडवणे, परीक्षेची भीती, नवराबायकोचे तंटे, सगळं एकाखाली एक. आत अगरबत्ती. माणसाच्या बोटाबोटात अंगठ्या. शो.ला डोळे मिटायला लावले आणि माझ्यासमोर विचारतो, "शादी से पहले कुछ गलत हुआ था? हाथ ऐसे ही नहीं धोता कोई. पाप धोता है."
शो. पांढरीफटक. मी तिला उठवलं. तो मागून सांगतोय, पूरा कोर्स करना पडेगा.
रिक्षात ती कशालाही न धरता बसली, प्रत्येक खड्ड्यात आदळत. मधेच म्हणाली, "तुम्हालाही तसंच वाटतं का?"
नाही म्हटलं. पण म्हणायला जरा वेळ गेला. तो तिला कळला.

२२ फेब्रु, गुरुवार
ट्रस्टचा दवाखाना. मानसिक विभाग फक्त गुरुवारी, पार मागे, जिथे तुटक्या खाटा टाकतात तिथे. बाकावर एक जण स्वतःशी हसतोय, एका म्हातारीला लेकीने पदराने बाकाला बांधून ठेवलेलं. लाळ, मुताचा वास. पळून जावंसं वाटलं. हे लोक वेडे, आपण इथे कशाला? शो. सगळा वेळ उभी. भिंतीलाही टेकली नाही.
डॉक्टर तरुण. मान खाली घालूनच विचारतो, "नहीं धोया तो क्या होगा?"
शो. म्हणाली, "सोनूला काहीतरी होईल. माझ्या हातातून तिच्यात जाईल. मरेल ती."
डॉक्टरने मान वर केली. "ऐसा होता नहीं, पता है ना आपको?"
"पता है. तरी."
मी तिच्याकडे बघत राहिलो. मला वाटायचं हिला घाणीची किळस आहे. किळस नव्हे, भीती. म्हणून पोरीला हात लावत नाही ही.
"बीमारी है, ओसीडी. पागलपन नहीं. गोली शुरू करो, असर दिखने में हफ़्ते लगेंगे." पुढचा पेशंट आतही आला. एवढंच? घसा साफ करायला लागतो तेवढ्या वेळात माझ्या बायकोचं निदान. बाहेर आल्यावर संताप संताप.

२ मार्च
तिचं तोंड कोरडं पडतं, झोप अनावर, पोट साफ नाही. फरक शून्य.
आज बघितलं, ती गोळी धुऊन घेते. पुडीतली, कंपाउंडरने हाताने मोजून दिलेली, म्हणून. नळाखाली धरते, रंग उतरतो, निम्मी विरघळून मोरीत. उरलेली गिळते. मी ओरडलो. ती म्हणाली, "घेतेय ना पण." खरंच, घेतेय बिचारी. 

७ मार्च, गुरुवार
धुळवडीला पोरांनी सोनूला रंगवलं. शो.ने आतून कडी घातली. पोर जिन्यात, ही दाराआड, दोघी रडतायत. सोनू जशुबेनकडे जेवली. जशुबेन आता चोख्खी बाई म्हणत नाहीत.
आज एकटाच दवाखान्यात गेलो, भांडायला. डॉक्टरपर्यंत कोणी जाऊ देईना. शेजारच्या खोलीत पाठवलं. एक बाई, कल्पनाताई, नंदुरबारकडच्या. मराठी ऐकून माझा आवाज आणखीच चढला.
"तुम्ही डॉक्टर का?"
"नाही. सोशल वर्कर."
"मग तुमच्याशी काय बोलू? मला डॉक्टर पाहिजे."
"कोणता?"
कोणता म्हणजे? डॉक्टर तो डॉक्टर.
त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं. आत बसतात ते सर सायकिॲट्रिस्ट. आधी एमबीबीएस, मग मनाच्या आजारांचं वेगळं शिक्षण. आजार कोणता ते ठरवणं, गोळी लिहिणं, कमीजास्त करणं, त्यांचं. वरच्या मजल्यावर मीनाक्षीबेन, सायकॉलॉजिस्ट. मन कसं चालतं ते शिकलेल्या, पण एमबीबीएस नाहीत, गोळी देत नाहीत. चाचण्या घेतात, बोलून आणि करून घेऊन आजाराची पकड सोडवतात. "मी घरचं बघते. सासू काय म्हणते, पोरगी कुठे जेवते, पेशंट यायची का थांबते."
"आणि तो स्टेशनकडचा?"
"तो कोणीच नाही, भाऊ. बोर्ड कोणीही रंगवून घेतं."
म्हटलं, एका बाईला तीन माणसं? मिलमध्ये सुद्धा असं नसतं.
"मोडलेल्या पायाला नाही लागत? बसवणारा वेगळा, नंतर चालायला शिकवणारा वेगळा. सरांनी वर पाठवायला हवं होतं तुम्हाला, गर्दीत राहिलं." राहिलं म्हणे! तरी बाईंनी काम केलं. वरची वेळ घेऊन दिली, आणि सरांना विचारून तीच गोळी बंद पट्टीत लिहून आणली. पट्टीतून थेट तोंडात टाकता येते. इतकं साधं. मला का सुचलं नाही?

२१ मार्च, गुरुवार
मीनाक्षीबेन. टेबल, दोन खुर्च्या, बस. शो.ला विचारलं, सगळ्यात कमी भीती कशाची? दाराची कडी. सगळ्यात जास्त? "सोनूचं डोकं."
मग कडी धरायला लावली. शो.ला आधी विचारलं, ती हो म्हणाली, तेव्हाच. धरली. आता धुवायचं नाही, बसायचं. शो. घामाने भिजली, दात वाजायला लागले. मी उठलो. "तमे बेसो, भाई." बसलो. असला उपचार मी बघितला नाही. कसाईसुद्धा कापण्याआधी पाणी दाखवतो.
बेन दर थोड्या वेळाने विचारतात, आता भीती केवढी? चढली, चढली, मग खरंच जराशी उतरली. म्हणजे शो. म्हणाली उतरली. मला पटलं नाही.
मग वळल्या माझ्याकडे. घरी नखं दाखवता? गॅलरीत आंघोळ करता? ती विचारते "स्वच्छ आहे ना" तेव्हा हो म्हणता? "हे तुम्ही प्रेमाने करता, पण त्याने भीतीला खायला मिळतं. हळूहळू सोडायचं."
आजारी ती, आणि धडा मला.

२३ मार्च
कपड्यांसकट घरात शिरलो. बघू या म्हटलं.
शो. किंचाळली, ती आवाज बसेपर्यंत. सोनू पलंगाखाली. आई धावत आली, "मारी टाकशी का रे तिले?" मी खोलीच्या मधोमध, निळे हात घेऊन उभा. मिलचा वास आला मला, माझ्याच अंगाचा. इतकी वर्षं कधी जाणवला नव्हता. कुजकट, घशात बसणारा.
शेवटी गॅलरीत गेलो आणि बादली घेतली.

४ एप्रिल, गुरुवार
मीनाक्षीबेननी मला झापलं. "हळूहळू म्हटलं होतं. तेही तिने ठरवलेल्या पायरीने. तुम्ही धाड घातलीत." शो. खाली बघत होती, पण मला वाटतं तिला बरं वाटलं.
सरांनी गोळी वाढवली. आज शो.ला नावाने हाक मारली त्यांनी, हेही नवीन.
कल्पनाताईंनी आईला बसवून घेतलं. आईशी अहिराणीतच. "माय, तुनी सूनले भूत नही लागेल. आजार शे तिले." आई बाहेर येऊन मला म्हणते, "बाई चांगली शे. पण नुसती बोलस, पगार कशाना लेस?"

१२ एप्रिल
मिलमध्ये कळलं. रमणभाईंनीच सांगितलं असणार, दुसरं कोणाला माहीत नव्हतं. चहाला सगळ्यांचे कप एका ट्रेत, माझा बाजूला, खिडकीत. विचारलं तर एक जण म्हणतो, "अरे भाई, घर में दिमाग की बीमारी है ना."
हात रंगाने भरलेल्या, तंबाखूने दात सडलेल्या माणसांना माझी किळस येते. खाडीत मिलचं लाल पाणी सोडतात त्याची येत नाही.
चहा प्यायलो नाही. शो.ला सांगितलं नाही.

१९ एप्रिल
आई अमळनेरला परत गेली. निघताना शो. वाकली आणि आईच्या पायांना हात लावला. खरोखर लावला, दुरून नव्हे. मग मोरीत गेली. नळ ऐकू आला. नेहमीपेक्षा कमी, असं आईला वाटलं, मला सांगता येत नाही. आईने व्याह्यांना बोलवायचं काही काढलं नाही. एस.टी.त चढताना एवढंच, "पोरीले सांभाळ." कोणती पोर, ते मीही विचारलं नाही.

९ मे, गुरुवार
आता मी घरी कपड्यांसकट दारापर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत दोन फरशा. ही शो.नेच ठरवलेली पायरी. तिच्या तोंडाकडे बघवत नाही, पण ती मला परत पाठवत नाही. "स्वच्छ आहेत ना?" विचारते. मी गप्प. ते गप्प राहणं फार वाईट. नवऱ्याने बायकोला एवढंही सांगू नये?
आज मीनाक्षीबेन म्हणाल्या, "भाई, आज तुम्ही बाहेर बसा." का? "शोभाबेननी सांगितलंय." बाहेर बाकावर बसलो, त्या लोकांमध्ये. आत शो.चा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बोलते ती तिथे. बराच वेळ बोलते.

१२ मे, रविवार
सकाळी शो.ने सोनूला हाक मारली. "ये, वेणी घालते."
मी पेपर वाचत होतो तो तसाच धरून बसलो. सोनू पुढ्यात बसली. शो.ने तेलाची बाटली उघडली, तळहातावर घेतलं. थोडं फरशीवर सांडलं. मग दोन्ही हात टेकवले पोरीच्या डोक्यावर. सोनू हलली नाही. मान जराशी हलली तर आई उठून जाईल, असं वाटलं असेल तिला. वेणी वाकडी झाली, एक बट बाहेर राहिली. शो.चे ओठ पांढरे. पण शेवटपर्यंत घातली, रिबीन लावून.
मी उठून गॅलरीत आलो. तिथे उभं राहवेना म्हणून खाली गेलो, उगाच दूध घेऊन आलो. आलो तेव्हा शो. स्वयंपाकाला लागली होती, मोरी ओली होती. मोरी ओली असतेच.
संध्याकाळी विचारलं, "नंतर धुतलेस का?"
"ते मी गुरुवारी मॅडमना सांगेन."
"मला सांग ना."
"तुम्हाला नाही."
राग आला. परक्या बाईला सांगणार, मला नाही. अजून गेलेला नाही. गुरुवारी मला बाहेरच बसावं लागणार.