कोठीतली समाधी

३ डिसेंबर, सकाळी ६.
संकल्प. आजपासून रोज एक तास कोठीच्या खोलीत नामस्मरण. पन्नाशी आली, आता टाळाटाळ नको. जागा छान आहे. एक शिडी, चार खोकी, भिंतीवर गॅसचा गिझर. फक्त वरच्या झरोक्यातून गार वारा येतो आणि चित्त उडतं. झरोक्यात जुना स्वेटर कोंबला. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. आता मी आणि देव.

५ डिसेंबर.
कमाल! पलीकडे हिची आंघोळ चालू असते, गिझर फुरफुरत असतो आणि विसाव्या मिनिटाला मी हरवतो. डोकं जड, हातपाय हलके, विचार बंद. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, हा बसल्या जागी झोपतो. आज गुरुजी हवे होते.
ऑफिसला पोचेपर्यंत मात्र सगळं उतरतं. ऑफिसात देव टिकत नाही.

८ डिसेंबर.
आंघोळीनंतर हिला चक्कर, मळमळ, डोकेदुखी. मी म्हणालो, मन शांत नाही तुझं. ती म्हणाली, तुमचं एवढं शांत आहे, तर कोठीतून भिंत धरून का बाहेर येता? रागाने भावाकडे निघून गेली. दुपारी तिचा फोन. तिथे अर्ध्या तासात डोकं दुखायचं थांबलं म्हणे. म्हणजे दुखणं फक्त माझ्या घरापुरतं! चोवीस वर्षांच्या संसारात असा घाव बसला नव्हता.

९ डिसेंबर, रविवार.
मेहुणा हिला सोडायला आला. सोबत एक पांढरी डबी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. कागद मोठ्याने वाचून दाखवला. या वायूला रंग नाही, वास नाही. मी विचारलं, मग सापडला कसा? तो म्हणाला, माणसं मेली म्हणून सापडला, भाऊजी. विनोद कळत नाही त्याला.
डबी कोठीबाहेर भिंतीला लावली. चार वेळा वाजून थांबली, पुन्हा चार वेळा वाजली, की गॅस. काही शोधत बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं, फोन बाहेरूनच करायचा. मिनिटाला एकदाच टुक वाजली तर सेल संपलाय. दर आठवड्याला बटण दाबून बघायचं. मेकॅनिक येऊन जाईपर्यंत गिझर पेटवायचा नाही. मी प्रत्येक वाक्याला हो म्हणालो. अशाने पाहुणे लवकर जातात. कोठीत डोकावायला लागला तेव्हा मात्र अडवलं. ध्यानाची जागा आहे ती.

९ डिसेंबर, संध्याकाळी.
गिझर स्वतः तपासला. ज्योत पिवळी, शांत, समईसारखी. हिला सांगितलं, तपासून झाला. कोणी तपासला, ते तिने विचारलं नाही.

१० डिसेंबर.
विश्वासघात. बरोबर विसाव्या मिनिटाला डबी बोंबलली. चार, थांबा, चार. माझ्या समाधीवरच टपून बसली होती! हे मेहुण्याशिवाय कुणाचं काम नाही. ही आंघोळ करता करता आतून ओरडली, काय वाजतंय? मी म्हणालो, बटण दाबून बघतोय.
सेल काढला आणि भिंतीवरच्या बंद घड्याळात घातला. घड्याळ लगेच चालू झालं. मेहुण्याच्या डबीचा एवढा तरी उपयोग झाला.

१२ डिसेंबर.
तीस मिनिटं! डोळ्यांपुढे प्रकाश. उठताना पडलो. उद्या पूर्ण तास.

१४ डिसेंबर. हॉस्पिटल.
घरातच फितुरी. हिने दहा तारखेलाच घड्याळ चालू बघितलं आणि सेल कुठून आला ते ओळखलं. मला एका शब्दाने न विचारता दुसरी डबी आणून झोपायच्या खोलीच्या दारावर लावली. म्हणते, तुमच्याशी भांडण्यापेक्षा डबी स्वस्त पडते. तीन दिवस ती डबी माझ्या डोक्यावर होती. मला दिसली नाही.
काल ती वाजली. ही ओल्या केसांनी धावत आली. मी चटईवर आडवा, चेहऱ्यावर म्हणे फार समाधान. पाय धरून मला ओढत जिन्यापर्यंत नेलं आणि तिथेच कोसळली.
गार वाऱ्यात मला शुद्ध आली. ही पायरीवर पडलेली, चेहरा राखेसारखा. हाक मारली. उत्तर नाही. चार वेळा मारली. थांबलो. पुन्हा चार वेळा. शेजारीण फोन करायला धावली. त्या वेळी देवाचं नाव तोंडात आलं नाही, हिचंच येत राहिलं.
आज ती बसती झाली. पहिलं वाक्य, मेकॅनिकचं नाव काय होतं हो?

१७ डिसेंबर.
मेकॅनिकने झरोक्यातून स्वेटर ओढून काढला, दोन बोटांत धरला आणि विचारलं, हा कुणाचा? ही म्हणाली, मी विणलेला. आणखी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर, सकाळी ६.
झरोका मोकळा, खिडकी उघडी, दोन्ही डब्या सेलसकट जागेवर. तासभर बसलो. थंडी वाजली, पाठ दुखली, ऑफिसची कामं आठवली. प्रकाश नाही, काही नाही. इतके दिवस मला वाटत होतं, देव येतोय.
दर दहा मिनिटांनी ही दार वाजवून विचारते, झोपलात का?
गुरुजीही हेच विचारायचे.